चौऱ्याण्णव टक्के

लकडगंजात झड लागली की आरागिरण्यांतल्या सागाच्या भुशाला ओला वास सुटतो आणि तो माणसांच्या कपड्यांत जाऊन बसतो. तो वास अंगावर घेऊनच एक तरुण त्या सकाळी रक्तपेढीच्या दारात उभा राहिला. रेनकोटाच्या आत त्याने काहीतरी पोटाशी घट्ट धरले होते, जणू तान्हे मूल. केसांतून पाणी निथळत होते. आणि आधी बोलावे की आधी पाय पुसावेत, या पेचात तो पायपुसण्यावरच अडकला होता.

नंदिनीने मान वर केली. स्वागताच्या टेबलावर बसणे हे तिचे काम नव्हे. पेढीच्या संगणकाची आणि सगळ्या नोंदींची ती प्रमुख होती. परंतु झडीच्या दिवसांत रक्तदाते घराबाहेर पडत नाहीत आणि रुग्णांना मात्र यावेच लागते. त्यातून टेबलावरची मुलगी तापाने घरी होती. तेव्हा दारात येणाऱ्या पहिल्या धडधाकट माणसाला परत जाऊ द्यायचे नाही, असे तिने सकाळीच ठरवून टाकले होते.

“या. बसा. वजन किती?”

“...बासष्ट.”

“नाश्ता केला?”

“तर्री-पोहे. पण मॅडम—”

“घाबरायचं काही कारण नाही. हात पुढे करा.”

त्याने निमूटपणे हात पुढे केला. तिने रक्तदाबाचा पट्टा गुंडाळला, फुगा दाबला, काट्याकडे पाहिले. काटा अपेक्षेपेक्षा बराच वर थरथरत होता. तेवढ्यात रेनकोटाचे बटण सुटले आणि आतले तान्हे मूल टेबलावर आले — प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला लॅपटॉप.

“मी सर्व्हर पाहायला आलो होतो,” तो हळूच म्हणाला. “पण तुम्ही इतक्या हक्काने विचारून राहिल्या होत्या, की नाही म्हणायची हिंमतच झाली नाही.”

दुसरी एखादी मुलगी लाजली असती. नंदिनीने पट्टा सोडवला, नीट घडी करून जागेवर ठेवला आणि त्याला सांगितले की असे असेल तर आधी बोलायचे असते. तो म्हणाला, रक्तही देतो. आधी सर्व्हरचे पाहू द्या. आणि मग तो हसला. बाहेर इतके अंधारून आलेले असताना एखाद्याने असे हसावे, हे तिला थोडे अनुचितच वाटले... पण ते हसू तिने पाहिले, हेही खरे.

त्याचे नाव प्रशिक. तो कामठीचा. कँटोन्मेंटच्या अलीकडे त्याचे घर होते आणि यंत्रमागांच्या खडखडाटात तो लहानाचा मोठा झाला होता. त्यामुळे शांत खोलीतही तो किंचित मोठ्याने बोलत असे. शहराबाहेरच्या एका संगणक कंपनीने त्याला पाठवले होते. पेढीने जुना सर्व्हर टाकून नवा घ्यावा की नाही, एवढेच त्याने सांगायचे होते.

पेढी एका धर्मादाय न्यासाची. तिच्यावर अवलंबून असणारे बहुतेक जण सिकलसेलचे रुग्ण. या आजारात रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, नसांत अडकतात, आणि मग हाडांतून जी कळ उठते तिची कल्पना धडधाकट माणसाला येत नाही. उमरेडहून, कामठीहून, त्याही पलीकडच्या गावांतून ही माणसे पहिल्या बसने निघत आणि नऊच्या सुमारास ओल्या बाकांवर रांगेने बसत. त्यांना जुळणारे रक्त कोणते, ते कोणत्या दात्याचे, हे सारे सर्व्हरवरच्या डेटाबेसमधून काढावे लागे. आणि सर्व्हर नेमका सकाळीच मंद. एकेका नावाला इतका वेळ लागे की बाकावरच्या बाया पदर ओला करून मुलांच्या कपाळावर ठेवीत आणि नोंदणीच्या काचेकडे पाहत राहत.

यावर व्यवस्थापक भैय्याजींनी फार पूर्वी एक उपाय घालून दिला होता. सर्व्हरच्या पडद्यावर मेमरीचा आकडा चौऱ्याण्णव टक्के दिसे. एवढे भरलेले यंत्र दमणारच. म्हणून रोज संध्याकाळी, बुद्धविहारात पावसाळ्यातले वर्षावासाचे वाचन सुरू व्हायच्या सुमारास, ते सर्व्हर बंद करवून पुन्हा सुरू करवीत. आकडा खाली येई. भैय्याजी म्हणत, यंत्रालाही आराम पाहिजे, आणि समाधानाने छत्री उघडीत. त्यांच्या आज्ञेने ते बटण रोज नंदिनी दाबत असे.

सर्व्हरची खोली म्हणजे पूर्वीची चादरी ठेवायची कोठडी. तिथे प्रशिकने लॅपटॉप जोडला, चालू असलेल्या कामांची यादी उघडली आणि डेटाबेसच्या नावापुढे बोट ठेवले. तिथे जेमतेम तीनशे एम.बी. लिहिले होते. सर्व्हरच्या अंगी असलेल्या मेमरीच्या मानाने ते चिमूटभरही नव्हते.

“हा बिचारा तर उपाशी आहे,” तो म्हणाला. “उगाच याच्यावर आळ घेऊन राहिले तुम्ही. मेमरी खाणारा दुसराच कोणीतरी आहे.”

नंदिनीने वाद घातला नाही. दुपारी बाके रिकामी झाल्यावर तिने त्याला आणि भैय्याजींना कोठडीत बोलावले, पडद्याकडे पाहायला सांगितले आणि फक्त डेटाबेस थांबवला. चौऱ्याण्णवचा आकडा घसरत घसरत अठरावर येऊन टेकला.

“उपाशी होता ना?” तिने विचारले. “मग एवढं ताटात कोणाच्या होतं?”

त्याने यादी आणि आकडा पुन्हा एकदा ताडून पाहिले. मग वळून, भैय्याजींच्या देखत, सरळ म्हणाला, “मी चुकलो.” त्यापुढे कोणतीही सबब नाही. आपली चूक लगेच, चारचौघांत आणि कारणे न देता मान्य करणारा पुरुष नंदिनीने तोवर फारसा पाहिला नव्हता. तिने नजर वळवली... पण थोड्या उशिराने.

दुसऱ्या दिवशी तो भिजलेलाच आला आणि सर्व्हरकडे न जाता म्हणाला, मला तुमची रक्ताची शीतपेटी दाखवा. तिने दार उघडले. आत खणाखणांतून गडद पिशव्या ओळीने निजल्या होत्या.

“ही पेटी भरलेली आहे. हिला पाहून तुम्ही घाबरता?”

“रिकामी पाहिली की घाबरते.”

“डेटाबेसचं असंच आहे. जे एकदा कोणी मागितलं, ते तो मेमरीत जवळच ठेवून घेतो. पुन्हा मागणी आली तर डिस्कवर शोधत बसायला नको. चौऱ्याण्णव म्हणजे तो आजारी नाही, मॅडम. तयारीत आहे.”

“आणि तुमचे तीनशे?”

“मी पाहिलेली ती यादी फक्त टेबलावर काढून ठेवलेल्या पिशव्या मोजते. कुलपातल्या मोजतच नाही. या डेटाबेसने आपली मेमरी कुलूप लावून घेतली आहे, दुसऱ्या कोणाला ती ओढून घेता येऊ नये म्हणून. मग मी डेटाबेसलाच विचारलं, त्याने खरं काय ते सांगितलं.” तो थांबला. “तुमचा आकडा खरा होता. माझाही खरा होता. फक्त दोन्ही वेगवेगळी गोष्ट मोजत होते.”

नंदिनी शीतपेटीच्या दारापाशी उभी होती. थंड वाफ तिच्या मनगटांवरून वाहत होती.

“म्हणजे रोज संध्याकाळी आम्ही...”

“पेटी रिकामी करत होते. आणि रोज सकाळी, लोक बाकावर असताना, एकेक पिशवी आणून पुन्हा भरत होते.”

तिने दार लावले. तिला ती बाके आठवली. आणि त्या बाकांवर महिन्यातून एकदा बसणारी तिची स्वतःची बहीण आठवली. भैय्याजींना हे सांगितले गेले तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि विचारले की मग एवढी वर्षे आपण यंत्राला आराम देत होतो तो कुणाच्या जिवावर. नव्या सर्व्हरचा विषय त्या दिवशीच मिटला. आकडा चौऱ्याण्णवच्या वर जाऊ नये अशी एक मर्यादा प्रशिकने डेटाबेसला घालून दिली, म्हणजे यंत्राच्या इतर कामांना त्यांचा वाटा राहील. आणि संध्याकाळचे ते बटण कोणी दाबायचे नाही, असे ठरले. मात्र काही दिवस सकाळी येऊन पाहावे लागेल, असे तो म्हणाला. खरोखर पाहावे लागणार होते की नाही, हे नंदिनीने विचारले नाही. विचारायला हवे होते, इतके तिला कळत होते.

झड काही थांबली नाही. तो रोज सकाळी कामठीहून शेअर ऑटोने येई, चिखलाचे बूट दारात काढी आणि मोजे ओले असल्यामुळे अनवाणीच कोठडीत जाई. त्याच्यासाठी एक कोरडा टॉवेल खुर्चीच्या पाठीवर ठेवलेला असे. तो कोण ठेवते हे त्याने एकदाही विचारले नाही, आणि वापरून झाल्यावर फार काळजीपूर्वक घडी करून ठेवी. बाके लवकर रिकामी होऊ लागली. टपरीवरचा चहा काचेच्या पेल्यांत येई. तो तिला ‘चौऱ्याण्णव’ म्हणू लागला, ती त्याला ‘तीनशे’.

या नावांचा सुगावा मायाला लागला.

माया नंदिनीची थोरली बहीण. सिकलसेलची रुग्ण. इतकी बारीक, की चादरीखाली ती आहे हे तिच्या आवाजावरूनच कळावे. महिन्याचे रक्त घेण्यासाठी ती पेढीच्या आतल्या खोलीत खाटेवर पडलेली असताना प्रशिक दारावरून गेला.

“काहून वं नंदे, तुझा तीनशेवाला आज उशिरा आला?”

“माझा नाही तो. पेढीच्या कामाला आलाय.”

“पेढीच्या कामाचा माणूस पेढीकडे पाहते. हा तर तुझ्याकडेच पाहून राहिला.”

प्रशिकने ते ऐकले आणि आत डोकावून खुलासा केला की तो पडद्याकडे पाहत होता.

“पडदा तिच्या वेणीत हाय का गा?” मायाने विचारले.

त्यावर खोलीतले सगळे हसले, नर्ससुद्धा. फक्त नंदिनी हसली नाही. बहिणीच्या हातात जाणाऱ्या थेंबांकडे ती पाहत होती, आणि तिच्या मनात एक जुनी, कठोर गोष्ट जागी झाली होती.

ती गोष्ट अशी. त्यांच्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली, तेव्हापासून त्या घरात ‘नशीब’ हा शब्द कोणी उच्चारीत नसे. काही घडले तर त्याचे कारण शोधायचे, हा घराचा नियम. मायाच्या आजाराचेही कारण शोधले गेले: आई आणि वडील दोघेही वाहक होते. वाहकाला स्वतःला काही होत नाही. तो चालतो, धावतो, संसार करतो. पण दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक मुलामागे चारांत एक शक्यता आजाराची. आईवडिलांना हे ठाऊक नव्हते. नंदिनीला ठाऊक होते. आणि ती स्वतः वाहक होती. म्हणून वधू-वर मेळाव्यांतून येणाऱ्या प्रत्येक स्थळाला तिची एकच अट असे. घर कसे आहे, नोकरी कसली आहे, हे नंतर. आधी रक्ताची तपासणी. आईवडिलांकडून जे अजाणता झाले, ते जाणूनबुजून करणे तिच्या लेखी अपराध होता.

म्हणून एके दुपारी, प्रशिकने चहाचा पेला दोन्ही हातांनी फिरवत “मला तुमच्याशी सर्व्हर सोडून... दुसरं काही बोलायचं होतं...” अशी सुरुवात केली, तेव्हा तिने त्याला पुढे बोलू दिले नाही. प्रथम स्वतःचे सांगितले. मी वाहक आहे, माझी अट ही आहे, ती मोडणारी नाही.

त्याच्या चेहऱ्यावरचा ताण एकदम उतरला.

“एवढंच ना? माझी तर शाळेतच झाली होती तपासणी. शिबिर आलं होतं. सातवीत. एकदम साफ.”

“नक्की?”

“कार्ड घरी असेल अजून. आईने देव्हाऱ्यातल्यासारखं जपून ठेवलंय, एवढंच एक सर्टिफिकेट मिळालं मला शाळेत.”

आणि नंदिनी हसली. पहिल्यांदा, मोकळेपणाने, मान मागे टाकून. प्रशिक तिच्याकडे पाहतच राहिला. पत्र्यावर पावसाचा एवढा आवाज होता की त्यानंतर तो काय म्हणाला ते तिला नीट ऐकू आले नाही. ऐकू आले नाही म्हणून तिने पुन्हा विचारले, आणि पुन्हा विचारताच तो लाजला.

त्याच आनंदात त्याने आपला जुना शब्द पाळला. तो रक्त द्यायला बसला. पट्टा नंदिनीनेच बांधला. काटा पुन्हा उंच थरथरला, आणि या वेळी दोघांनाही त्याचे कारण माहीत होते.

सिकलसेलच्या रुग्णांना वाहकाचे रक्त चालत नाही. म्हणून त्या पेढीत प्रत्येक दात्याच्या रक्ताची यंत्रावर नीट तपासणी होते. दोन दिवसांनी डॉक्टरांनी प्रशिकला आत बोलावले. दार लावून घेतले.

तो बाहेर आला तेव्हा नंदिनी कोठडीत होती. तो दारातच थांबला. बूट घालूनच आला होता, हे तिच्या आधी लक्षात आले.

“मी वाहक आहे.”

आणि तो सांगत राहिला. सातवीतल्या त्या वर्षी त्याला मलेरिया झाला होता आणि अंगात रक्त फार कमी होते. शिबिरात थेंबाची झटपट चाचणी करीत. रक्त तसे पातळ असले की ती फसू शकते, असे डॉक्टर म्हणाल्या. त्या चाचणीला तेव्हा जे दिसले ते तिने सांगितले. यंत्राला आज जे दिसले ते यंत्राने सांगितले.

“तुम्हाला मीच शिकवलं होतं ना,” तो म्हणाला, “की आकडा दिसला की आधी तो काय मोजतो ते विचारायचं... मी स्वतःच विचारलं नाही. इतकी वर्षं.”

नंदिनीला खुर्चीच्या पाठीवरचा टॉवेल दिसला. तिने तो उचलला, घडी केली, पुन्हा उलगडून घडी केली.

“माझी अट तुम्हाला माहीत आहे,” ती म्हणाली.

“माहीत आहे.”

“सर्व्हर आता ठीक चालतोय.”

“हो. आता माझं इथे काही काम नाही.”

तो गेला. पायपुसण्यावर थोडा वेळ थांबला असावा; तिथे पाण्याचे दोन ठसे राहिले होते. तिने ते पुसू दिले नाहीत. दुपारपर्यंत आपोआप वाळले.

पुढचे दिवस शिस्तीत गेले. नंदिनी वेळेवर येई, सकाळची बाके भराभर रिकामी होत, उमरेडच्या बसची माणसे दुपारच्या आत घराकडे निघत. भैय्याजी तिचे कौतुक करीत. पडद्यावर चौऱ्याण्णवचा आकडा स्थिर असे आणि आता त्याची कोणाला भीती वाटत नसे. संध्याकाळी बटणाकडे जाणारा आपला हात ती मागे घेई. मग काय करावे हे तिला कळत नसे. घरी जावेसे वाटत नसे. थांबायला कारण नसे. सागाचा तो ओला वास मात्र तिने दूर ठेवला. दारे-खिडक्या लावून घेतल्या.

झडीच्या अखेरीस मायाला कळ उठली. ओली थंडी तिच्या हाडांना सोसत नसे. सकाळी तिला पेढीच्या आतल्या खोलीतल्या न्यासाच्या दवाखान्यात आणले तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते आणि दातांत रुमाल होता. नंदिनीने नाव घातले, आणि जुळणाऱ्या दात्यांची नावे पडद्यावर झरझर उतरली. पूर्वी या एका उत्तरासाठी बाकावर बसून राहावे लागे. रक्त मिळाले, औषधे लागली, आणि दुपारी मायाच्या दातांतला रुमाल सुटला. नंदिनी तिच्या पायांवरून हात फिरवीत बसली होती.

“लवकर सापडलं यावेळी,” माया म्हणाली. आवाज फाटका होता. “तीनशेवाल्याले सांग, माया म्हणे बरं झालं तू आला होतास.”

“तो येत नाही आता.”

“माहीत हाय मले. डोळे हायेत मले.” ती थोडा वेळ श्वास गोळा करीत राहिली. “तू त्याले नाही म्हणालीस. माझ्यासारखं पोर होऊ नये म्हणून. नाही का?”

“हो,” नंदिनी म्हणाली. त्यांच्या घरात खोटे बोलण्याची रीत नव्हती.

“बरोबरच हाय ते. मले जे दुखते, ते वैऱ्याच्याही वाट्याले नको. पण नंदे, तू मले मोजतेस तेव्हा फक्त दुखणंच मोजतेस वं. ज्या दिवशी दुखत नाही त्या दिवशी मी पोरांच्या शिकवण्या घेते, भैय्याजीची नक्कल करते, तुले रडेपर्यंत हसवते... ते तुझ्या हिशेबात कुठंच नाही. आई म्हणे, मी झाली तेव्हा तिले वाटलं घरात दिवा लागला. ते तरी धर.”

“ताई, तू दमशील. झोप.”

“झोपते. एक सांगते अन् झोपते. पोर होऊ द्यायचं का नाही, ते डॉक्टरले विचार. मी पोराचं विचारतच नाही तुले. तुले तो माणूस पाहिजे का नाही, ते सांग. तेवढंच विचारून राहिली मी.”

आणि खरोखरच तिने डोळे मिटले. उत्तराची वाट पाहिली नाही.

नंदिनी उठून खिडकीपाशी गेली. चारांत एक. हा आकडा तिने लहानपणापासून उराशी धरला होता. तो खोटा नव्हता, आज किंवा उद्या तो बदलणार नव्हता. पण तो काय मोजत होता? जे मूल जन्माला येईल किंवा येणारही नाही, त्याचे भय मोजत होता. खुर्चीच्या पाठीवरचा टॉवेल तो मोजत नव्हता. भर कोठडीत कोणीतरी ‘मी चुकलो’ म्हणाले होते, ते त्यात कुठेही आले नव्हते. एका जाणत्या माणसाला तिने भर दुपारी शिकवले होते की एकाच यादीवर विसंबून निकाल द्यायचा नसतो. आणि स्वतःचा निकाल मात्र एकाच आकड्यावर देऊन ती मोकळी झाली होती.

तिने खिडकी उघडली. ओला साग आत आला.

फोनवर ती फार बोलली नाही. सर्व्हर उत्तम चालला आहे, असे तिने सांगितले. पलीकडून यंत्रमागांचा दूरचा खडखडाट येत होता. मग ती म्हणाली, “मी उत्तम नाही. येऊन पाहून जा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला. झड ओसरली होती, पण आभाळ तसेच खाली आलेले होते आणि पन्हाळीतून थेंब पडत होते. त्याने दाढी केली नव्हती. तो पायपुसण्यावर थांबला, पुढे आला नाही.

“त्या शिबिराचं जपून ठेवलेलं कार्ड आईने काढून टाकलं,” तो म्हणाला. “दोन दिवस बोलली नाही. मग तिने विचारलं, ती पोरगी मासोळी खाते का.”

“खाते.”

“मी तिला सांगितलं, आता त्याचा काय उपयोग...”

“तुला कोणी सांगितलं उपयोग नाही म्हणून?”

तो ‘तू’ दोघांनीही ऐकला. स्वागताच्या टेबलावरची मुलगी उगाचच सुया मोजू लागली.

नंदिनी उभी राहिली. महत्त्वाचे बोलणे उभे राहून बोलायचे, असे तिच्या घरात शिकवले होते. “चारांत एक हा आकडा खरा आहे,” ती म्हणाली. “मी तो विसरणार नाही, तुलाही विसरू देणार नाही. पण तो मुलाचा आकडा आहे. आपला नाही. मुलाचं उत्तर आज माझ्याकडे नाही. डॉक्टर म्हणतात पोटातच तपासणी होते, आणि त्यानंतर जे ठरवावं लागतं ते फार जड असतं. कदाचित आपल्याला मूल नसेल. कदाचित कोणाचं तरी आपण वाढवू. जे ठरेल ते दोघांनी ठरवायचं, आणि ताईसमोर मान खाली घालावी लागणार नाही असं ठरवायचं. हे सोपं जाणार नाही. मी रडेन, तुझ्यावर रागावेनही. चालेल?”

“आई नातवाचं विचारेल...”

“तिला मी उत्तर देईन. तू मध्ये बोलायचं नाही.”

त्याला हसू आले. पण ते पूर्ण उमलले नाही, डोळ्यांत पाणी होते. आतल्या खाटेवरून मायाचा क्षीण आवाज आला, की तो अजून पायपुसण्यावरच उभा असेल तर त्याला कोणीतरी आत घ्या, वारा येऊन राहिला.

बाके भरू लागली होती. उमरेडची बस आली होती. कोठडीतल्या पडद्यावर चौऱ्याण्णवचा आकडा निवांत उभा होता.

“मग,” प्रशिक म्हणाला. “मग आता मी...”

नंदिनीने टेबलावरचा पट्टा बाजूला सारला.

“हात पुढे कर,” ती म्हणाली.